गाई वळवणारे आणि शब्द पाळणारे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आक्षेप थोडक्यात असा, की ऋग्वेदातल्या गुराखी टोळ्यांत मूल्यांची मुळं शोधून मी गाई पळवणाऱ्यांना उगाच मोठं केलं आणि शेतकऱ्याला विसरलो.

दुसरा भाग कबूल. 'शेती नंतर आली' हे वाक्य घाईत लिहिलं. चौथ्या मंडलातलं ५७वं सूक्त क्षेत्रपतीचं, म्हणजे शेताच्या देवाचंच आहे. नांगर, बैल, सीता म्हणजे नांगराचं तास, सगळं त्यात आहे.

पहिला मात्र पटत नाही. चोरी चांगली, असं मी कुठे म्हटलं? जमीन कुणी रातोरात हाकून नेत नाही, गाई नेतात. ज्याची सगळी दौलत चार पायांवर चालते, त्याला तट बांधून भागत नाही. त्याला मनगट लागतं, दरारा लागतो आणि कुरणाच्या पलीकडच्या टोळीनं दिलेला शब्द लागतो. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला मिथ्र, म्हणजे आपल्या मित्र देवाचा इराणी भाऊ, हा कराराचा देव. त्याच्या नावाला कायम जोडलेलं विशेषण मात्र 'विस्तीर्ण कुरणांचा'! त्याच्याच स्तोत्रात बजावलंय की करार मोडू नकोस, मग तो सच्च्याशी असो की खोटारड्याशी. शत्रूला दिलेला शब्दही पाळायचा, हे शहाणपण मला गुरं राखणाऱ्यांचंच वाटतं. इ.स.पू. १४व्या शतकात मितन्नी या सीरियाकडच्या राज्याच्या राजानं आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाशी तह केला, त्याच्या साक्षीदार देवांतही मित्र आहे.

आणि चोर कोण, हे कोण सांगणार? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त १०८) इंद्राची दूती, सरमा नावाची कुत्री, गाई दडवून ठेवणाऱ्या पणींकडे त्या मागायला जाते. ते म्हणतात, तुला बहीण करतो, परत जाऊ नकोस, गाईंचा वाटाही घे. ती सरळ सांगते, भाऊपण-बहीणपण मला ठाऊक नाही. पणींची बाजू सांगणारं सूक्त आपल्यापर्यंत आलंच नाही. विराटाच्या गाई वळवायला तर भीष्म-द्रोण गेले होते. त्यांना दरोडेखोर म्हणाल?

('व्युत्पत्तीवर इमले बांधू नका' हा तुमचा टोला मान्य. तरी गोठा आणि गोष्ट दोन्ही 'गोष्ठ'कडेच जातात, हे सांगायचा मोह आवरत नाही. गाई बसतात तिथे माणसं बसतात, मग गप्पा आल्याच.)

आपल्याकडचे गोधनासाठीचे वीरगळ, म्हणजे गाई राखताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघा. तळाला गाई आणि झुंज, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, माथ्यावर चंद्र-सूर्य. समोरून चाल करून आलेले बहुधा शेजारच्याच मुलखातले, आणि तिकडे त्यांचेही दगड उभे असणार.

शेतीबद्दलचं ते वाक्य मूळ लेखात आजच बदललंय.