फळी बघायला नव्हतो गेलो आम्ही

सकाळी सकाळी पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर एका गृहस्थांचा मेसेज. "निसर्गात यायचं तर पायी चालायची तयारी हवी. स्कूटरवाल्यांसाठी वेगळी ट्रिप ठेवावी, सगळ्यांचा वेग कमी होतो." खाली अंगठ्यांची रांग. आणि अंगठे देणारे कोण, तर एरवी चिमण्या कमी झाल्या म्हणून हळहळणारी, हळव्या मनाची वगैरे माणसं.

वेग?? अहो पक्षी बघायला वेग कधीपासून लागायला लागला? आपण काय शर्यतीला जातो का? ज्याला चांगला पक्षीनिरीक्षक म्हणतात तो एका झुडपासमोर अर्धा तास हलत नाही, हे तुम्हीच तर नव्या लोकांना शिकवता ना!

तर आता आत्याचं सांगते. मागच्या ट्रिपला आत्या आली होती, तिची मोबिलिटी स्कूटर घेऊन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही रस्त्यावर पळवायची स्कूटर नव्हे. बॅटरीवर चालते, एक सीट, पुढे हँडल, त्यावरची लिव्हर दाबली की हलते आणि सोडली की आपोआप ब्रेक लागतो, वेग साधारण आपल्या चालण्याइतका. आत्याला पोलिओ झाला होता लहानपणी, तरी बरीच वर्षं चालली ती, आता वयाबरोबर पाय पुन्हा कमजोर होत चाललेत. चार पावलं जाते आधार घेऊन, त्यापुढे नाही.

तलावाकाठी लाकडी हाईड आहे, निरीक्षणाची खोली. रॅम्प होता, आम्ही खूश. आत गेलो तर फटीसारख्या खिडक्या उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि त्याखाली भिंतीला ठोकलेला बाक, म्हणजे स्कूटर खिडकीपर्यंत जातच नाही. बाहेर जांभळी पाणकोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती, काळी काळी मऊ पिल्लं, आणि सगळे कुजबुजतायत, "अगं बाई, पिल्लं! कित्ती गोड!" आणि आत्यासमोर काय, तर फळी. एका काकांनी मोठ्या प्रेमाने कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला तिला, हे बघा, असं दिसतंय. आत्या हसली, छान आहे म्हणाली. मला त्या क्षणी ती भिंत उचकटून टाकावीशी वाटली.

फोटो बघायचा असता तर घरी बसून बघितला असता की!

आणि मग तिने काय केलं, तर दोन्ही हातांनी बाक धरून उभी राहिली, जेमतेम दहा सेकंद. तेवढ्यात मागून कुणीतरी, "अरेच्चा, यांना तर उभं राहता येतं!" राहता येतं हो. स्कूटर वापरणाऱ्या पुष्कळ लोकांना थोडं उभं राहता येतं, थोडं चालता येतं. दहा सेकंद उभं राहता येणं आणि तीन तास चिखलवाटेने चालता येणं यात फरक आहे, तो दुर्बिणीतून पिसांच्या छटा ओळखणाऱ्यांना कळू नये?

बरं, मान्य करते एक गोष्ट. ओल्या मऊ जमिनीवर चाकं नकोत, टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती दिसतही नाहीत. पण मग तिथे पायसुद्धा नकोत! बुटाखाली अंडं फुटत नाही का? वाटेवर राहायचं, हा नियम सगळ्यांना सारखाच. त्या दिवशी फोटोसाठी वाट सोडून गवतात घुसले ते सगळे दोन पायांचे होते, आणि त्यांनी पाणलावा उडवला. तो पक्षी बिचारा अगदी पायाखाली येईपर्यंत दबून बसतो आणि मग एकदम उडतो, सगळ्यांना माहितीये हे. आत्याची स्कूटर तेव्हा वाटेवर उभी होती, गपचूप.

उलट स्कूटरचा फायदाच सांगते. गाडीत बसून राहिलं की पक्षी जवळ येऊ देतात, उतरलो की उडतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. उभा माणूस, हलणारे हात, त्यांची भीती असते त्यांना. बसलेला माणूस ठेंगणा दिसतो. मोटरचा आवाज नसल्यातच जमा, चाकाखाली खडी कुरकुरते तेवढीच. हां, रिव्हर्स घेताना काही स्कूटरी पीं पीं करतात, तेव्हा मात्र अख्खा तलाव वळून बघतो, तो आवाज बंद करता येत असेल तर करावा नाहीतर रिव्हर्स घेऊच नये. पण तुमचे फोन वाजतात त्याचं काय?

अडचणी खऱ्या आहेत, नाही कशाला म्हणू. चढावर बॅटरी भराभर उतरते, वाळूत चाक रुततं. तीन चाकी पटकन वळते पण उतारावर कलंडायची भीती, चार चाकी भक्कम पण वळायला ऐसपैस जागा मागते आणि वाटेवरची ती गुरं अडवायची फिरती फाटकं पार करूच शकत नाही. आणि मदत करायची तर आधी विचारा प्लीज. एका उत्साही दादाने ढकलायला सोपं जावं म्हणून मागचा खटका ओढला, म्हणजे मोटर चाकांपासून सुटली आणि ब्रेकही गेला, तोही उतारावर! नशीब माझा हात सीटवर होता.

अमेरिकेत व्हर्जिनिया रोझ नावाच्या बाई आहेत, स्वतः व्हीलचेअरवर, त्यांनी बर्डॅबिलिटी म्हणून काम उभं केलंय. लोक नकाशावर नोंदवतात की कुठल्या जागी वाट कशी आहे, चढ किती, बाक कुठे, टॉयलेटला आत जाता येतं का. बास एवढंच. म्हणजे माणूस आधीच ठरवू शकतो, तिथे जाऊन फळी बघायची वेळ येत नाही. आपल्या ग्रुपवर लेन्सच्या चर्चा रात्रभर चालतात, एवढी माहिती लिहायला कुणी अडवलंय? आणि हक्काचीच भाषा हवी असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कांच्या २००६ च्या करारात कलम ३० आहे, करमणूक, फिरणं, खेळ यात सहभागाबद्दलच. वेगळी ट्रिप म्हणे!

हाईड नव्याने बांधायला लागत नाही हो. एका टोकाचा बाक काढायचा, तिथली खिडकी खाली घ्यायची, समोरच्या फळीखाली गुडघे जातील एवढी जागा ठेवायची. लहान मुलांनाही तीच खिडकी लागते, त्यांना तरी किती वेळ कडेवर उचलून धरणार?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळ्यात जास्त पक्षी आत्यानेच ओळखले, आवाजावरून. भारद्वाज घुमला की आम्ही झाडं धुंडाळतोय आणि ही बोट दाखवून मोकळी. त्या फोटोवाल्या काकांचाही राग नाही मला आता, त्यांनी निदान तिची आठवण तरी ठेवली, बाकीचे पिल्लांत गुंग होते. तो मेसेज टाकणाऱ्यांचा मात्र आहे. ते इथे फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, वाचतीलच.

तर दादा, पुढच्या ट्रिपला आत्या येणार आहे, स्कूटरवरच, आणि आमच्याच ट्रिपला. तुम्हाला घाई असेल तर पुढे व्हा. आणि बाकीच्यांनो, दुर्बीण धरून तिचे हात लवकर भरून येतात, स्कूटरच्या हँडलला मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड, बसवायचा एखादा क्लॅम्प कुणी वापरलाय का? फोटो टाका कमेंटमध्ये.