उजेड पाडायचाच होता

जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचं मला भय वाटत नाही. ते रुसलं तरी कळवतं: धूर काढतं, खोकतं, तेल गाळतं. वीज काहीच कळवत नाही. ती नुसती नसते. आणि का नाही, हे सांगायला भोवती जमलेला प्रत्येक जण तयार असतो. "डायनामो गेलाय," एक म्हणतो. "बॅटरी बसली," दुसरा. तिसरा न बोलता टायरला लाथ मारून बघतो आणि निदानात तोही इतरांच्या फार मागे नसतो.

आमच्या ट्रॅक्टरची तक्रार साधी होती. दिवे विझल्यासारखे पेटायचे आणि रात्रभर उभा राहिला की सकाळी बॅटरी ठार. वायरिंगचा नकाशा काढायला घेतला तर तो पाकिटाच्या पाठीवर मावला. बॅटरी, इंजिनावर फिरून वीज करणारा डायनामो, त्या विजेला आवर घालणारा कटआऊटसकट रेग्युलेटर, बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते काट्याने सांगणारा ॲमीटर, एक स्विच, पुढे दोन दिवे, मागे एक. एवढ्याशा संसारात बिघडायला जागा कुठे आहे?

जागा दुरुस्त्यांनी केलेली असते. माझं तर ठाम मत झालंय की अशा ट्रॅक्टरात मूळ बिघाड थोडे आणि केलेल्या दुरुस्त्याच फार. डॅशबोर्डखाली डोकं घातलं तेव्हा एक लाल वायर टेपच्या गुंडाळीत शिरली आणि पलीकडून हिरवी होऊन बाहेर आली. पुढे तिची दारावरच्या घंटीला लावतात तशी बारीक जोडवायर झाली होती. दुसरी एक चेसीच्या भोकातून मागे गेली होती आणि तिथे कशालाच जोडलेली नव्हती. पण टोकाला टेप इतकी निगुतीने लावली होती की ती काढून टाकायला हात धजावेना.

खरा चमत्कार ॲमीटरचा. इंजिन बंद, दिवे चालू, आणि काटा 'चार्ज'कडे! दिवे लावले की बॅटरी भरते, अशी सोय त्या काट्याच्या म्हणण्याप्रमाणे फक्त आमच्याकडे होती. त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. १९४७ ते १९५२ या काळात निघालेला फोर्ड ८एन घ्या, सहा व्होल्ट आणि धन टोक बॉडीला. आमचाही त्याच पठडीतला. मधल्या काळात कुणा शहाण्याने 'ऋण बॉडीला' या आजच्या नियमाने बॅटरी उलटी बसवली, म्हणून काटाही उलटं बोलत होता. गंमत अशी की स्टार्टर तरीही त्याच दिशेला फिरतो आणि बल्बला तर दिशेशी देणंघेणंच नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

पत्ता लागतो तो कटआऊटला. इंजिन बंद झालं की बॅटरीतली वीज डायनामोत परत जाऊ नये म्हणून वाट तोडणं एवढंच त्याचं काम. बॅटरी उलटी आणि डायनामो सुलट, असे दोघे समोरासमोर आले की त्याच्या पॉइंटमधून एवढा करंट धावतो की ते चिकटूनच बसतात. आमचे चिकटले होते. म्हणजे रोज रात्री आम्ही झोपलो की बॅटरी मुकाट्याने डायनामोत रिकामी होत होती.

डायनामो काढला. मिस्त्री म्हणाले, "दादा, हे कशाला उकलता? डायनामोच्या जागी आजच्या गाड्यांतला अल्टरनेटर बसवा, बारा व्होल्ट करून टाका." बारा व्होल्टचा हा उपदेश मला भेटणाऱ्या प्रत्येकाने केला, काहींनी तर ट्रॅक्टर न पाहता. रोज राबणाऱ्या ट्रॅक्टरला तो योग्यच आहे. पण आमच्या म्हाताऱ्याचं काम आता मिरवण्यापुरतं. त्याला नवं काळीज कशाला?

डायनामोचा कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासून वीज घेतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा फिरता भाग, काजळीने काळा झाला होता. तांब्याच्या पट्ट्यांवरून बारीक काचपेपर फिरवला. एमरी पेपर इथे चालत नाही, त्याचे कण पट्ट्यांच्या फटीत बसून वीज भलतीकडे वळवतात. मग पट्ट्यांमधला अभ्रक हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने एकेक फट धरून तांब्याच्या पातळीखाली खरवडायचा. या कामाला चष्मा, उजेड आणि घरात कुणी "अजून झालं नाही?" न विचारणं, या तीन गोष्टी लागतात. मला पहिल्या दोन मिळाल्या. कार्बन ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, ते बदलले. पट्टा चढवण्याआधी डायनामोला बॅटरी देऊन पाहिली, तर तो मोटरीसारखा हळूहळू फिरू लागला. म्हणजे जिवंत.

तरी काम संपत नाही. डायनामोला वीज करायला आधी थोडं चुंबकत्व लागतं आणि ते त्याच्या लोखंडात शिल्लक असावं लागतं. बॅटरी सुलट केली की ते चुंबकत्वही सुलट करून घ्यावं लागतं. आमच्या प्रकारात बॅटरीचं आणि डायनामोचं टोक क्षणभर वायरने जोडायचं, बारीक ठिणगी, झालं. दुसऱ्या प्रकारच्या रेग्युलेटरला हीच युक्ती केली तर पॉइंट जळतात, म्हणून आधी प्रकार ओळखा आणि मगच ठिणगीची हौस भागवा.

राहिले दिवे. एका दिव्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, तेही नेमकं होल्डरला टेकून. दुसऱ्यात बारा व्होल्टचा बल्ब सापडला, सहा व्होल्टवर तो उदबत्तीच्या टोकाइतका उजळायचा. शिवाय सहा व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी करंट दुप्पट लागतो. ३६ वॅटचा एक बल्ब ६ अँपिअर ओढतो, दोन मिळून १२. वाटेत गंजाने नुसता ०.१ ओहमचा अडथळा केला तरी १.२ व्होल्ट तिथेच जातात, म्हणजे मिळकतीचा पाचवा हिस्सा! म्हणून ती घंटीची वायर गेली, जाड वायर आली आणि दिव्यांच्या बुडाखालचा रंग-गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला.

हे सगळं चाललेलं असताना शेजारचे आबा रोज येऊन उभे राहायचे. हा ट्रॅक्टर त्यांनी तरुणपणी चालवलेला. "आमच्या वेळी काय उजेड होता!" हे त्यांचं पालुपद. त्या उजेडाच्या धाकानेच मी एकही जोड कच्चा ठेवला नाही.

अंधार पडल्यावर इंजिन सुरू केलं. काटा 'चार्ज'कडे गेला आणि या वेळी खरं बोलत होता. दिवे लावले. पिवळसर, समोरचं चार पावलं रान दाखवणारा उजेड पडला. वायर नवी, बल्ब बरोबर, व्होल्टेज पुरेपूर. याहून जास्त त्या दिव्यांत नव्हतंच.

"आबा, असाच होता?"

"हुबेहूब," आबा खूश होऊन म्हणाले. "म्हणून तर दिवस मावळला की आम्ही हा बाहेर काढत नव्हतो."