मोजो म्हणजे एका गाण्याचे धनी नव्हेत

तुमच्या लेखात मोजो या फ्रेंच नृत्यसंगीताच्या जोडीला 'एका गाण्यापुरती गाजलेली द्वयी' म्हणून दोन ओळींत उरकलंय, ते पटलं नाही. पॅरिसच्या रोमाँ त्रांशार आणि यान देस्ताग्नोल यांचं 'लेडी' २००० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, हे खरंच. पण ते गाणं एकदा हेडफोन लावून ऐका. त्यातली गिटारची सुरावट 'शिक' या अमेरिकन डिस्को बँडच्या १९८२ च्या 'सूप फॉर वन' या गाण्यातून घेतलेली, त्यांचे गिटारवादक नाइल रॉजर्स यांच्या हातची. तोच तुकडा गाणंभर फिरत राहतो, तरी कंटाळा येत नाही. कारण त्यावर यानचा आवाज आहे, किंचित हळवा, अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा. तेव्हाच्या फ्रेंच हाउसमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात, आवाज बऱ्याचदा यंत्रातून काढलेला असायचा. इथे एक माणूस मनापासून गातोय.

२००१ मध्ये त्यांचा एकच अल्बम आला आणि थोड्याच वर्षांत दोघं वेगळे झाले. यानने पुढे स्वतःच्या नावाने गाणी केली. त्या अल्बममध्ये 'लेडी' अकूस्टिक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक साजाशिवायच्या, रूपातही आहे. ठेका काढून घेतला तरी चाल तशीच उभी राहते. लेखकाने तेवढं तरी ऐकायला हवं होतं, असं मला कळकळीने वाटतं.