मेस्त्री काहीही सांगोत, टेन्शनर बदलू नका

गाडीवर पैसे कुठे घालायचे, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. सीट कव्हर, पायाखालच्या मॅट, डॅशबोर्डवरचा गणपती, अत्तराची कुपी, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद'. बॉनेटखालचं काही पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून तिथे खर्च करायचा नसतो. बेल्टचा टेन्शनर तर बॉनेट उघडलं तरी धड दिसत नाही. इंजिनाच्या कडेला, चाकाकडच्या अंधारात, स्प्रिंगवर बसवलेला एक हात आणि त्याच्या टोकाला एक पुली, एवढाच त्याचा संसार. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघालेला लांब बेल्ट वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगही फिरवतो. हा बेल्ट कायम ताठ ठेवायचा आणि इंजिनाचे हिसके स्वतःच्या अंगावर घ्यायचे, एवढं काम हा हात करतो. इतकी वर्षं तक्रार न करता करतोय, तर पुढेही करेल.

सकाळी गाडी सुरू केल्यावर चिरका आवाज येतो आणि दोन मिनिटांत थांबतो. जो आवाज आपोआप थांबतो तो बिघाड नसतो, हे पाठ करून ठेवा. स्टार्टरने बॅटरीतून वीज ओढलेली असते, ती भरून काढताना अल्टरनेटर जड होतो, स्प्रिंग थकलेली असली तर गार बेल्ट पुलीवर घसरून ओरडतो, आणि भार उतरला की गप्प होतो. असले तपशील डोक्यात आणू नका. पावसाळ्यात आवाज वाढला तर पावसाला बोल लावा. एसी लावल्यावर वाढला तर एसी बंद करून काचा खाली घ्या. मोकळी हवा प्रकृतीला चांगलीच.

तरीही राहवत नसेल, तर सोसायटीत एक काका असतातच. ते बेल्टला साबण लावायला सांगतील, पावडर सांगतील, बाजारात मिळणारा बेल्टचा स्प्रे सांगतील. तिन्ही उपाय उत्तम. बेल्ट चार दिवस गप्प बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि पाचव्या दिवशी तो आधीपेक्षा मोठ्या आवाजात बोलू लागतो. (एक मात्र खरंच सांगतो, उपरोध बाजूला ठेवून: चालू इंजिनावर वाकून बेल्टला हात, साबण, ओढणी, काहीही नेऊ नका. बोटं परत मिळत नाहीत.)

साध्या पाण्याचा फवारा तेवढा कटाक्षाने टाळा. लांबून, बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी मारल्यावर आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि उलट वाढला तर ताण कमी पडतोय. इतकी नेमकी माहिती फुकटात हाती आली, तर पुढे काहीतरी करावं लागेल. त्याच कारणासाठी इंजिन चालू असताना टेन्शनरकडे बघूही नका. धडधाकट हात जेमतेम थरथरतो. तो उत्तर येणाऱ्या पोरासारखा वरखाली उसळत असेल, तर आतलं डॅम्पिंग, म्हणजे हिसके जिरवायची ताकद, संपलेलं असतं. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून पुली बोटाने फिरवून बघणं हा तर निव्वळ विघ्नसंतोष. बेअरिंग खरखरलं की रात्रीची झोप जाते.

बेल्टकडे मात्र खुशाल बघा, तो तुमच्याच बाजूने बोलेल. जुन्या निओप्रीनच्या बेल्टला भेगा पडायच्या आणि कुणालाही दिसायच्या. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, टायरसारखे खाचांच्या आतून झिजतात. वरून काळेभोर, चकचकीत. 'अजून वर्षभर जाईल' असं म्हणून बॉनेट आपटा. मालकाच्या पुस्तिकेत तपासायचे आणि बदलायचे किलोमीटर दिलेले असतात. ती पुस्तिका डिक्कीत, स्टेपनीखाली सुरक्षित आहे.

कधीतरी बेल्ट बदलावाच लागतो. तेव्हा मेस्त्री म्हणेल, "साहेब, हात ढिला झालाय, टेन्शनर पण टाकून घ्या, आयडलर पण." (आयडलर म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली.) इथे खरी कसोटी. टेन्शनरची किंमत ऐकून तुमच्या चेहऱ्यावर 'मला फसवताय काय' हा भाव उमटला पाहिजे. ठामपणे म्हणा, "फक्त बेल्ट." मेस्त्री वाद घालत नाही. घालेल कशाला, गाडी पुन्हा त्याच्याकडेच येणार असते. फार तर तो मध्यम मार्ग काढेल: पुलीतलं बेअरिंग ठोकून नवीन बसवून देतो. लगेच हो म्हणा. गोल फिरणारी गोष्ट नवी झाली, थकलेली स्प्रिंग तशीच राहिली, आणि पैसे वाचल्याचं समाधान घरी जाऊन सांगायला मिळालं.

बेल्ट स्वतः आणलात तर दुधात साखर. त्यावर '६पीके१७५०' असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे सहा धारी (खाचांमधले उभे उंचवटे) आणि १७५० मिलिमीटर लांबी. दुकानदार १७७०चा देत असेल तर घ्या, दोन सेंटिमीटरने काय होतंय? टेन्शनरवर हात कुठपर्यंत असावा याच्या खुणा असतात, पण त्या बघायला वाकतंय कोण.

बसवायचं कामही घरी करणार असाल तर जुना बेल्ट काढण्यापूर्वी त्याच्या वाटेचा फोटो काढू नका. बॉनेटच्या आत त्या वाटेच्या आकृतीचं स्टिकर असलं तरी बघू नका, स्मरणशक्तीला व्यायाम हवा. पुलीचा बोल्ट सुटत नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करा. काही इंजिनांत तो उलट्या आट्यांचा असतो, हे बोल्ट तुटल्यावर कळेलच. नव्या टेन्शनरला हात दाबून धरणारी पिन असेल तर ती आधीच उपटा. शेवटी बेल्ट एक धार बाहेर बसला असला तरी गाडी सुरू करा, बाहेरची धार सोलून निघेल आणि सगळं आपोआप सारखं होईल.

यानंतर सलग सुट्ट्या येतील आणि तुम्ही साताऱ्याकडे निघाल. खंबाटकीच्या चढावर गाड्यांची रांग, एसी पूर्ण जोरात, पाच माणसं, डिक्कीत आंब्याच्या पेट्या. तिथेच बेल्ट तुटतो. बॅटरीचा लाल दिवा लागतो, एसी गरम वारा फेकतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर ते दगडासारखं होतं आणि पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा चढू लागतो. तरी थांबू नका, माथा जवळच आहे. इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड (वरचं झाकण) वाकायला आणि त्याखालचं गॅस्केट जायला तेवढा चढ पुरतो. काही इंजिनांत तुटलेल्या बेल्टच्या चिंध्या टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या दुसऱ्या बेल्टच्या, झाकणात शिरतात. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची भेट होते आणि टेन्शनरचा विषय कायमचा मिटतो.

इंजिनाचं बिल पाहिल्यावर गाडीच्या कंपनीला नावं ठेवा आणि गाडी विकायला काढा. जाहिरातीत लिहा: 'एकहाती वापर, डॉक्टरांची गाडी, एक रुपयाचं काम नाही.' बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला सीट कव्हर दाखवा, मॅट दाखवा, नवा बेल्ट दाखवा. पण त्याने खिशातून छोटा टॉर्च काढला आणि इंजिनाच्या कडेला वाकून "टेन्शनर कधी बदललात?" असं विचारलं, तर वेळ घालवू नका. चहा पाजा आणि वाटेला लावा.