एल्क कोणत्या गट नंबरात उभा आहे?

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या हरणाच्या, शिकारीला जायचं म्हटलं की लोक बंदूक कोणती आणि बूट कोणते यावर तासन् तास बोलतात. परवाना, अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी, एवढं जमलं की तयारी झाली असा समज आहे. माझ्या मते बूट मागच्या वर्षीचे चालतात. गाडं अडतं ते नकाशापाशी. कोलोरॅडोत शिकारीसाठी खासगी जमिनीत पाऊल टाकायला मालकाची परवानगी लागते, आणि पाटी नव्हती, कुंपण नव्हतं ही सबब चालत नाही. आपण कुणाच्या जमिनीत उभे आहोत हे शोधायचं काम सर्वस्वी आपलं.

नकाशे मिळत नाहीत अशी तक्रार मात्र करता येत नाही. ते ढीगभर आहेत. फक्त प्रत्येक नकाशा आपल्या खात्यापुरतंच बोलतो. जमीन कुणाची हे एक सांगतो, गाडी कुठवर न्यायची हे दुसरा, चढ किती हे तिसरा, आणि आपला परवाना कुठल्या युनिटात, म्हणजे शिकारीच्या विभागात, चालतो हे चौथा. ‘इथे मी उभा राहू का?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर चारही एकावर एक ठेवल्याशिवाय मिळत नाही. गावाकडे सातबारा तलाठ्याकडे, नकाशा भूमी अभिलेखकडे आणि रस्त्याचं भांडण तहसीलदारापुढे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात काडीचं नवल वाटणार नाही.

सुरुवात करावी केंद्र सरकारच्या जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे बीएलएमच्या, १:१,००,००० या प्रमाणाच्या नकाशापासून. पिवळं ते बीएलएमचं, हिरवं नॅशनल फॉरेस्टचं, निळं राज्याचं, पांढरं खासगी. पांढरं पाहून तिथे काहीच नसेल असं वाटतं. तिथे गवत असतं, पाणी असतं, एल्क तर हमखास असतो. नसतो तो फक्त आपल्याला प्रवेश. या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची छापील रेघ जमिनीवर ५० मीटर रुंद होते. त्या रेघेत अख्खा कळप मावतो, आणि नेम धरून बसलेला माणूसही.

रंगांमध्ये सगळ्यात लबाड निळा. कोलोरॅडोत राज्याची ही जमीन शाळांसाठी उत्पन्न मिळावं म्हणून राखलेली असते. ती भाडेपट्ट्याने देतात, त्यामुळे सरकारी असूनही लोकांना आपोआप खुली नसते. राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी जी यादी काढतं तिच्यात तो तुकडा असला तरच आत जायचं. हद्द ओलांडून वायोमिंगमध्ये गेलात की तोच निळा बऱ्यापैकी उदार होतो. सार्वजनिक रस्त्याने पोहोचता येत असेल आणि जमीन पिकाखाली नसेल तर शिकारीला मोकळी. मात्र रात्री तंबू ठोकायचा नाही आणि शेकोटी पेटवायची नाही. रंग एक, कायदे दोन, आणि हे छापायला नकाशावर जागा नसते.

मग येतात चौकोन. १७८५च्या अध्यादेशाने अमेरिकेने आपली जमीन चौकटीत कापायला घेतली. ६ मैल बाय ६ मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. इथवर ठीक. पण क्रमांक सुरू होतात वरच्या उजव्या कोपऱ्यातून. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, आणि असंच खालपर्यंत. डावीकडून वाचायची सवय असलेला माणूस सहाला एक समजतो आणि थेट पाच मैलांनी चुकतो. सेक्शनच्या कोपऱ्यावर पुष्कळ ठिकाणी धातूची गोल टोपी बसवलेला खुंट सापडतो. त्यावर टाउनशिप, रेंज (टाउनशिपचा उभा पट्टा) आणि सेक्शनचे आकडे ठोकलेले असतात. तो दिसला तर त्यावर विश्वास ठेवावा. कुंपणावर ठेवू नये. कुंपण जिथे खांब रोवायला सोपं गेलं तिथे घातलेलं असतं. ते गुरांसाठी असतं, आणि गुरांना सेक्शन कळत नाहीत.

नवखे लोक हमखास फसतात ते नॅशनल फॉरेस्टच्या हिरव्या रेघेवर. मोबाइलवरच्या रोजच्या नकाशात जंगल सलग हिरवं दिसतं, कारण ती बाहेरची प्रशासकीय हद्द असते. तिच्या आतही खासगी तुकडे असतात. कोलोरॅडोच्या डोंगरात यातले बरेचसे जुन्या खाणींचे पट्टे आहेत. १८७२च्या खाण कायद्याने असा पट्टा १५०० फूट लांब आणि जास्तीत जास्त ६०० फूट रुंद काढता यायचा. चांदीच्या मागे धावणाऱ्यांनी खडकातली धातूची शीर जाईल तिकडे पट्टा वळवला, त्यामुळे ते आडवेतिडवे पडलेत. ६०० फूट म्हणजे त्या बीएलएमच्या नकाशावर दोन मिलिमीटरही नाहीत. यासाठी काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, प्लॉटवार नकाशा संगणकावर उघडावाच लागतो. तो मुळात करआकारणीसाठी काढलेला असतो आणि तळाशी बारीक अक्षरात ‘ही मोजणी नव्हे’ अशा अर्थाची ओळ असते. म्हणजे कर घेताना रेघ पक्की, वाद झाला की अंदाजे.

जमीन कळली तरी रस्ता उरतोच. नॅशनल फॉरेस्ट सांभाळणारी फॉरेस्ट सर्व्हिस गाड्यांच्या रस्त्यांचा वेगळा नकाशा फुकट देते. काळापांढरा, रूक्ष, डोंगराचा पत्ता नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक. यात नसलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, मग समोर चाकोरी कितीही ठसठशीत दिसो. बाजूच्या तक्त्यात कोणता रस्ता किती तारखेपर्यंत खुला तेही असतं, आणि तो तक्ता कुणी वाचत नाही. मात्र हा नकाशा जंगलाच्या रस्त्यांचा. जंगलापर्यंत नेणारा शेवटचा मैल एखाद्या रँचच्या फाटकातून जात असेल तर त्याबद्दल तो मौन पाळतो. तेव्हा काउंटीच्या रस्ते विभागाला फोन करून दोनच प्रश्न विचारावेत: हा काउंटी रोड आहे का, आणि कुठवर? दुसरा प्रश्न विसरला की फाटकापाशी परत फिरावं लागतं. २०१८मध्ये झालेल्या एका मोजदादीत पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारची सुमारे ९५ लाख एकर जमीन अशी निघाली, जिच्यापर्यंत सार्वजनिक वाटच नाही. ती आपलीच आहे. लांबून बघायची.

या सगळ्याचा कळस म्हणजे वायोमिंगचा दक्षिण भाग. १८६२च्या कायद्याने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंनी एकाआड एक सेक्शन दिले: विषम क्रमांकाचे रेल्वेला, सम सरकारकडे. झाला बुद्धिबळाचा पट. पिवळ्या घरातून पिवळ्या घरात जायचं तर कोपऱ्यावरून, आणि कोपरा हा बिंदू. बिंदूला लांबी-रुंदी नसते हे आपण शाळेत पाठ केलं. शिकाऱ्याच्या बुटाला दोन्ही असतात. २०२१मध्ये चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ शिडी नेऊन कोपऱ्यावर उभी केली, एका पिवळ्यातून चढले आणि दुसऱ्या पिवळ्यात उतरले. पांढऱ्याला पाय लागला नाही. तरी आमच्या जमिनीवरची हवा ओलांडली म्हणून मालकाने लाखो डॉलरचा दावा लावला. फौजदारी खटल्यात ज्यूरीने शिकाऱ्यांना सोडलं, आणि २०२५च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायविभाग) केंद्रीय अपील कोर्टाने १८८५च्या कुंपणबंदी कायद्याचा आधार घेऊन दिवाणी निकालही त्यांच्या बाजूने दिला. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा इथे लागू. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं, तिथे शिडी काढण्याआधी वकील काढावा.

एवढे नकाशे पाठीवर वाहायचे नसतील तर पैसे भरून शिकाऱ्यांचं ॲप घ्यावं. त्यात मालकी, युनिट आणि चढउतार एकत्र मिळतात, मालकाचं नावसुद्धा. पण ॲपची रेघ काउंटीच्याच नोंदींवरून येते, त्यामुळे तिथली चूक इथे रंगीत होऊन दिसते, एवढंच. मोबाइलची रेंज जंगलात नसते. नकाशा घरीच उतरवून घ्यायचा, आणि तोही बारीक पातळीवरचा. जागा वाचवायला ढोबळ उतरवला तर मोठा केल्यावर नुसता धुरकट रंग दिसतो. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून घराच्या अंगणातच तपासावं. जीपीएसला रेंज लागत नाही, नकाशाला लागते. मोकळ्या आभाळाखाली फोन पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो, दाट झाडीत आणि कड्याखाली त्याहून जास्त. म्हणून हद्दीपासून निदान ५० मीटर आत राहावं. जुन्या कागदी नकाशावरून अक्षांश-रेखांश घेणार असाल तर कोपऱ्यात ‘एनएडी २७’, म्हणजे १९२७चा जुना मोजणी-आधार, लिहिलंय का ते पाहा. आजचा जीपीएस वेगळ्या आधारावर चालतो, आणि दोन्हींतला फरक पश्चिमेकडे १०० मीटरच्या घरात जातो. थंडीत बॅटरी बसते, तेव्हा फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, आणि कागदी नकाशा दप्तरात.

उरला खुद्द एल्क. पिवळ्यात गोळी लागलेला एल्क पांढऱ्यात जाऊन पडला, तर त्याला आणायलाही मालकाची परवानगी हवी. ती संध्याकाळी साडेपाचला, रेंज नसताना मागता येत नाही. म्हणून आसपासच्या सगळ्या पांढऱ्या तुकड्यांच्या मालकांचे नंबर आधीच कागदावर लिहून घ्यावेत. निम्म्या ठिकाणी मालक म्हणून अमुकतमुक लँड होल्डिंग्ज एलएलसी असतं आणि पत्ता परराज्यातल्या टपालपेटीचा. तिथे फोन उचलणारं माणूस नसतं. असा तुकडा शेजारी असेल तर त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याचा नंबर लिहावा, आणि बसायची जागा डोंगराच्या दुसऱ्या अंगाला शोधावी.