‘माकडाच्या हाती कोलीत’ म्हणणाऱ्या दादांना

‘कोड न शिकता लिहा वर्डप्रेसचा प्लगिन!’ या माझ्या मागच्या लेखात वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीचा प्लगिन, म्हणजे साइटला नवी सोय जोडणारा कोड, एआय असिस्टंटकडून कसा लिहून घ्यायचा ते सांगितलं होतं. त्यावर ‘जुना खेळाडू’ या नावाने एक भली मोठी प्रतिक्रिया आली आहे. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहितेय. त्यांचे आक्षेप थोडक्यात असे: शीर्षक भडक आहे, ॲप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या प्रोग्रॅमला साइटवर येण्यासाठी काढून दिलेला वेगळा पासवर्ड) दिला की एआय असिस्टंटला सगळं रान मोकळं, तो डेटाबेसची वाट लावेल, वाचकांच्या प्रतिक्रियांमधून कुणी त्याला छुप्या सूचना देईल. आणि मग हे वाक्य: “ताई, तुमचा उत्साह समजू शकतो, पण ज्यांना पीएचपीची ओळ वाचता येत नाही त्यांना हे शिकवणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.”

शीर्षक भडक होतं, मान्य. बदललंय. उद्गारचिन्हही काढलंय.

आता माकडांकडे वळू. हा ब्लॉग वाचतात कोण? तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवणारे संपादक, वाचनालयाची साइट सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षिका, दिवाळी अंकाचे जुने लेख एकेक करून चढवणारी मुलं. यांना पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, येत नाही. रोजची साइट मात्र हेच चालवतात, आणि ती बंद पडली की डेव्हलपरच्या फोनची वाट बघत हेच बसतात. वर्डप्रेस वाढलं ते अशाच लोकांमुळे. २००३ साली मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या बेवारस पडलेल्या ब्लॉग-प्रणालीवरून ते उभं केलं, तेव्हा मलनवेग १९ वर्षांचा होता. त्यालाही कुणा जुन्या खेळाडूने ‘बाळा, तुझा उत्साह समजू शकतो’ म्हटलं असेलच.

आणि माझ्या उत्साहाचं म्हणाल, तर दादा, मी या धंद्यात काल आलेली नाही. २००८च्या डिसेंबरात २.७ आवृत्ती आली आणि डॅशबोर्डातून एका बटणावर वर्डप्रेस अद्ययावत करता यायला लागलं. त्याआधी सगळ्या फायली एफटीपीने, म्हणजे संगणकावरून सर्व्हरवर फायली पाठवण्याच्या सोयीने, हाताने चढवाव्या लागायच्या. मी त्या चढवल्या आहेत. लोडशेडिंगमध्ये, निम्म्या नव्या आणि निम्म्या जुन्या फायली सर्व्हरवर असताना वीज गेलेली बघितली आहे. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या कुठल्या कुठे जातात हेही बघितलंय. तेव्हा ‘ताई’ म्हणा, आनंद आहे, पण ते डोक्यावरून हात फिरवल्यासारखं म्हणू नका.

डेटाबेसचं मात्र सविस्तर सांगते, कारण नेमकं तिथेच तुमचं गणित उलटं आहे. एका साप्ताहिकाच्या साइटवर नाव बदलायचं होतं. काम एका अनुभवी डेव्हलपरकडे होतं, पीएचपी तोंडपाठ असलेल्या. त्यांनी पीएचपी-मायॲडमिन हे डेटाबेस हाताळण्याचं साधन उघडलं, एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेची, एक ओळ लिहिली आणि जुन्या नावाच्या जागी नवं नाव सगळीकडे टाकलं. साइडबारमधली सगळी विजेट्स, म्हणजे बाजूच्या पट्टीतल्या चौकटी, गायब! झालं असं, की वर्डप्रेस अशी सेटिंग्ज सीरियलाइझ करून ठेवतं, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहून ठेवतं, तीही बाइटमध्ये. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं; काना, वेलांटी, हलन्त यांचेही वेगळे तीन-तीन. ‘मराठी’ हा शब्द साठवला की त्याच्याआधी १५ हा आकडा येतो. शब्द बदलला आणि आकडा तोच राहिला, की पीएचपीला ती नोंद उलगडता येत नाही आणि सेटिंग रिकामं समजलं जातं.

मागच्या महिन्यात स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, तसंच काम मी असिस्टंटला सांगितलं. त्याने एसक्यूएलला हात लावला नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला टाइप करून आज्ञा देण्याच्या साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा सुचवली, जी ही लांबी नव्याने मोजते, आणि तीही आधी ड्राय-रन करून, म्हणजे काहीही न बदलता कुठल्या तक्त्यात किती जागा बदलतील एवढंच दाखवून. आता कोलीत कुणाच्या हाती होतं, सांगा.

पासवर्डबद्दल तुम्ही लिहिता की ॲप्लिकेशन पासवर्डला स्वतःच्या वेगळ्या मर्यादा नसतात, ज्या खात्याचा तो असेल त्या खात्याचे सगळे अधिकार त्याला मिळतात. अगदी बरोबर. हे वाक्य माझ्याच लेखातलं आहे. त्याच्या पुढच्याच ओळीत मी लिहिलंय की ॲडमिनच्या खात्याचा पासवर्ड देऊ नका, असिस्टंटसाठी ‘कॉन्ट्रिब्युटर’चं वेगळं खातं काढा. ते खातं मसुदा लिहू शकतं. प्रसिद्ध करू शकत नाही, फोटोसुद्धा चढवू शकत नाही. संशय आला की तेवढाच पासवर्ड रद्द करायचा, बाकी काही हलत नाही. प्लगिनचा कोड तर आपल्याच संगणकावरच्या प्रतीत लिहायचा, गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत. डिसेंबर २०२५च्या ६.९ आवृत्तीत आलेल्या ॲबिलिटीज एपीआयमध्येही, म्हणजे साइटवर कोणती कामं करता येतात याची नोंदणी करण्याच्या सोयीतही, प्रत्येक कामाला परवानगीची तपासणी जोडावी लागते. एमसीपी ॲडॉप्टर हा एआय असिस्टंटला साइटशी जोडणारा दुवा त्याच कामांची यादी असिस्टंटपुढे ठेवतो. यादीत नसलेलं काम त्या वाटेने त्याला करता येत नाही. पण पुढची ओळ वाचायची म्हणजे लेख शेवटपर्यंत वाचणं आलं.

छुप्या सूचनांचा मुद्दा राहिला. आहे धोका, कुणी नाही म्हटलं? ईमेललाही आहे. सवडीने लिहीन त्यावर.

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, माकडासकट. तिच्याखाली चिकटवलेली ‘वर्डप्रेस देखभालीचा वार्षिक करार’ ही लिंक तेवढी काढली आहे.