कोर्स अर्धवट कोण सोडतंय?

आज सकाळी घरच्या ग्रुपवर कुणीतरी ते पोस्टर टाकलं. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका, तुमच्याच निष्काळजीपणामुळे जंतू औषधांना दाद देईनासे झालेत, वगैरे. टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. पण ते आईनं वाचलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "मी एकही गोळी चुकवली नव्हती ना गं?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या वर्षी आईला लघवीचा संसर्ग झाला आणि तो रक्तात उतरला. कल्चरचा, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालेल त्या तपासणीचा, रिपोर्ट आला तेव्हा डावीकडे औषधांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एकच अक्षर, आर. म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. अगदी शेवटी एकट्या कोलिस्टिनपुढे एस, म्हणजे लागू पडणारं. मूत्रपिंडाला झेपत नाही म्हणून डॉक्टरांनी कधीच बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध, आता दुसरं काही चालत नाही म्हणून पुन्हा काढलेलं. ते अकरा दिवस चाललं. रोज संध्याकाळी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड थकत चालल्याचा, आकडा चढताना मी बघत होते.

आणि निष्काळजी कोण, तर ही बाई! गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीमागे बॉलपेननं वेळ लिहून ठेवणारी. सकाळी आठ, रात्री आठ.

आता माझं ऐका. कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी एका औषध कारखान्याच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागाच्या, लॅबमध्ये होते. रोज सांडपाण्याचा नमुना घ्यायचा, डायक्रोमेट आणि आम्ल घालून दोन तास उकळायचा, मग थेंबथेंब टायट्रेशन. निळसर हिरवा रंग एका थेंबात विटकरी झाला की सीओडीचा, म्हणजे पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याचा, आकडा लिहायचा. पीएच, बीओडी, सीओडी, तरंगणारे कण, तेल. सगळं मर्यादेत. खाली माझी सही. त्या फॉर्मवर अँटिबायोटिकचा रकानाच नव्हता. कारखाना जे बनवतो तेच पाण्यातून किती जातंय, हे मोजायचं नाही! आणि मीही दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

सांडपाण्यात खरंच औषध असतं का, असं विचारणाऱ्यांनी पाटणचेरूचं आठवावं. हैदराबादजवळचं हे गाव. तिथं सुमारे 90 औषध कारखान्यांचं पाणी एकाच केंद्रात यायचं. शुद्ध करून बाहेर सोडलेल्या त्या पाण्यात स्वीडिश संशोधकांना लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक सापडलं. ही गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तातसुद्धा एवढं नसतं. ही 2007 साली छापून आलेली गोष्ट आहे, काल-परवाची नाही.

औषध पातळ होत होत पुढं गेलं की निरुपद्रवी होतं, असं वाटतं ना? उलट आहे. जंतू मरत नाहीत पण कमजोर मागे पडतात आणि चिवट तेवढे वाढतात, एवढीच ती मात्रा उरते. त्यात सांडपाण्यात हवा सोडायची एरेशन टँक म्हणजे जंतूंना आयतं घरच. हवा, खाद्य, दाटीवाटी. शेजारी बसलेला जंतू प्लाझमिडवरून, म्हणजे जनुकांच्या सुट्या कड्यावरून, प्रतिकाराचा जनुक दुसऱ्याला देऊन टाकतो, जात वेगळी असली तरी. मग गाळातून, नाल्यातून, नदीतून तो पुढं निघतो. अपुऱ्या मात्रेनं जंतू शिकतात, हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनं 1945 सालीच नोबेलच्या भाषणात सांगितलं होतं. त्यानं सांगितलं ते पेशंटबद्दल. पण नाला तर रोज, चोवीस तास अर्धवट कोर्स घेतोय. त्याच्यासाठी कुणी पोस्टर काढलं?

हो, माहीत आहे, सर्दीला अँटिबायोटिक खाणारे आपल्यातच आहेत. कोंबड्यांना देतात, हॉस्पिटलांचं सांडपाणीही आहे. आईच्या अंगातला तो जंतू नेमका कुठून आला, हेही कुणी सांगू शकणार नाही. आणि काही कारखाने पाण्याचा थेंब बाहेर जाऊ देत नाहीत, तेही मान्य. पण म्हणून सगळं बोट फक्त पेशंटकडं?

जानेवारी 2020 मध्ये आपल्या सरकारनं मसुदा काढला होता. सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती चालेल, याच्या मर्यादा त्यात होत्या. मी तेव्हा नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी वाचून बरं वाटलं. चला, रकाना आला. ऑगस्ट 2021 ला अंतिम नियम आले, त्यात त्या मर्यादा गायब. रकाना पुन्हा कोरा. कोरासुद्धा नाही, नाहीच! संताप येतो हे लिहितानासुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर 2024 मध्ये खास याच सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या सूचनाच. पाळायच्या तर पाळा.

तुमच्यापैकी जे अजून ईटीपीत, क्वालिटी कंट्रोलमध्ये, प्रॉडक्शनमध्ये आहात, त्यांच्यावर राग नाही माझा. मीही सही केलीच होती. पण एकदा साहेबांना विचारा, हे मोजतो का आपण? मी विचारायला हवं होतं.

आई आता बरी आहे. मूत्रपिंड पूर्वीसारखं नाही, पाणी मोजून प्यावं लागतं. मघाशी तिच्या डब्यातून ते जुनं पाकीट काढलं. सगळे कप्पे फुटलेले, मागे तिच्या बारीक अक्षरात वेळा. शेवटच्या गोळीमागे 'रात्री 8' आणि त्यापुढे बरोबरची खूण. तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, मोज. तिनं बोट ठेवून एकेक मोजली.